बाप्टिस्ट मंडळीतील प्रभुभोजन: भाकरीची निवड, पूर्वतयारी आणि मेजावरचा क्रम

प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीत, होणाऱ्या बहुतेक चुका मेजापाशी होत नाहीत. त्या आदल्या आठवड्यात होऊन गेलेल्या असतात. भाकरीची आठवण आदल्या रात्री होते, प्याले गीत चालू असताना मोजले जातात, भाग कोणी घ्यावा हे ऐनवेळी घाईत सांगितले जाते, आणि गहू न चालणाऱ्या सभासदाने थाळी हातात घेऊन तशीच पुढे सरकवली की मग सर्वांच्या लक्षात येते. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. पहिले तीन टप्पे मागे-पुढे झाले की पुढचे सगळेच विस्कळीत होते.

टप्पा 1: मंडळीने आधी ठरवायच्या गोष्टी

प्रत्येक बाप्टिस्ट मंडळी (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती चर्च) स्वतःचा कारभार स्वतः पाहते; भाकर कोणती, प्याला कसा, विधी किती वेळा, हे वरून कोणी ठरवून देत नाही. त्यामुळे हे निर्णय मंडळीच्या सभेत होऊन लेखी नोंदले गेले पाहिजेत. पाळक (पास्टर) बदलला की पद्धत बदलते आणि जुने सभासद गोंधळून जातात, याचे कारण बहुतेक वेळा नोंद नसणे हेच असते.

पहिला प्रश्न कोणी भाग घ्यावा हा. काही मंडळ्या फक्त स्वतःच्या सभासदांना मेजाशी बोलावतात, काही त्याच विश्वासाच्या व शिस्तीच्या इतर मंडळ्यांच्या सभासदांनाही बोलावतात, तर काही ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी मेज खुले ठेवतात. अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्ट मंडळ्यांच्या 2000 सालच्या विश्वासनिवेदनात प्रभुभोजनापूर्वी बाप्तिस्मा झालेला असणे आवश्यक मानले आहे, पण प्रत्यक्षात सगळ्या बाप्टिस्ट मंडळ्या एकाच रेषेवर उभ्या नाहीत. तुमच्या मंडळीची भूमिका कोणतीही असो, ती दोन वाक्यांत लिहून ठेवावी. हीच दोन वाक्ये पुढे निमंत्रणाच्या वेळी वाचायची आहेत.

दुसरा प्रश्न किती वेळा. दर आठवड्याला, महिन्यातून एकदा आणि तीन महिन्यांतून एकदा, अशा तिन्ही पद्धती बाप्टिस्टांत आढळतात. पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) दिवस नेमून दिलेला नाही. मात्र ठरवलेला दिवस टिकला पाहिजे; "या वेळी कार्यक्रम मोठा आहे, पुढच्या वेळी घेऊ" असे दोनदा झाले की मंडळीला प्रभुभोजन हे उपासनेला जोडलेले शेपूट वाटू लागते.

तिसरा प्रश्न मेजाशी कोण उभे राहील. सामान्यतः पाळक असतो. पाळक नसेल किंवा आजारी असेल तर मंडळीने वडीलजनांपैकी किंवा डीकनांपैकी (मंडळीच्या नेमलेल्या सेवकांपैकी) कोणाला अधिकार दिला आहे, हे आधीच ठरलेले असावे.

तपासणी: भाग कोणी घ्यावा, केव्हा घ्यावा आणि मेजाशी कोण असावे, या तिन्हींची उत्तरे डीकनांपैकी कोणालाही विचारली तर सारखीच मिळतात का? मिळत नसतील तर येथेच थांबावे.

टप्पा 2: एक आठवडा आधीची सूचना

आदल्या रविवारी मेजाची सूचना द्यावी आणि सभासदांना प्रेषित पौलाच्या 1 करिंथकरांस पत्राचा अकरावा अध्याय घरी वाचायला सांगावे. ज्याचे दुसऱ्याशी बिनसले आहे त्याला समेटासाठी आठवडा मिळावा हा यामागचा हेतू आहे. मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. विधीच्या सकाळी, बाकावर बसल्या बसल्या, हे कोणालाच साधत नाही.

याच सूचनेत एक मोठा गैरसमज दूर करावा, कारण त्याच्यापायी अनेक प्रामाणिक विश्वासणारे वर्षानुवर्षे मेजापासून दूर राहतात. 1 करिंथ 11:27 मधील इशारा "अयोग्य प्रकारे" खाण्यापिण्याविषयी आहे. मूळ ग्रीक शब्द क्रियाविशेषण आहे. तो खाण्याची रीत सांगतो, खाणाऱ्याची लायकी मोजत नाही. करिंथात काय चालले होते ते त्याच अध्यायाच्या 21 व्या वचनात दिसते: काही जण इतरांच्या आधीच स्वतःचे जेवण उरकत होते, कोणी भुकेला राहत होता, तर कोणी पिऊन धुंद होत होता. पौलाचा रोष त्या वागण्यावर होता. "मी पापी आहे म्हणून घेत नाही" असे म्हणणाऱ्या मनुष्याला हे समजावून सांगावे की 28 वे वचन आत्मपरीक्षण करून मग खावे असे सांगते. परीक्षण करून उठून जावे असे सांगत नाही. जो पाप सोडायलाच तयार नाही त्याची गोष्ट वेगळी, आणि त्याच्याशी पाळकाने एकांतात बोलावे.

सावधान: आत्मपरीक्षणाच्या नावाखाली कोणाच्याही चुकीचा उल्लेख व्यासपीठावरून करू नये, नाव न घेताही नाही. लोक ओळखतात.

टप्पा 3: भाकरीची निवड

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. भाकरीच्या दोन कसोट्या आहेत: ती सर्वांसमोर मोडता आली पाहिजे, आणि मंडळीतील प्रत्येकाला खाता आली पाहिजे. पहिली कसोटी प्रभूने भाकर घेऊन, उपकारस्तुती करून ती मोडली यावरून येते. दुसरी 1 करिंथ 10:17 वरून येते, जेथे पौल म्हणतो की आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, कारण आपण सर्व एकाच भाकरीचे भागीदार आहोत. चव, रंग आणि आकार या गोष्टी त्यानंतरच्या.

*खमीर (पीठ फुगवणारे आंबवण) असावे की नसावे.* मत्तय, मार्क आणि लूक या शुभवर्तमानांत शेवटचे भोजन वल्हांडणाच्या (मिसरातून सुटकेच्या यहुदी सणाच्या) संदर्भात येते, आणि त्या सणात खमीर घरात ठेवायचे नसे. म्हणून बेखमीर भाकरीचा पक्ष मजबूत आहे. 1 करिंथ 5:7-8 मध्ये पौल जुन्या खमिराला दुष्टपणाची उपमा देतो, हेही त्या बाजूचे लोक दाखवून देतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, भोजनाच्या वर्णनात आलेला "आर्टोस" हा ग्रीक शब्द कोणत्याही भाकरीसाठी वापरला जातो, बेखमीर भाकरीसाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द होता, आणि मत्तय 13:33 मध्ये तर स्वर्गाच्या राज्यालाच खमिराची उपमा दिलेली आहे. बाप्टिस्ट मंडळ्यांत दोन्ही चालतात. माझा कल बेखमीर भाकरीकडे आहे, कारण तिच्यात वल्हांडणाचा अर्थ शब्दांविना दिसतो आणि ती नीट मोडते. पण खमिराची भाकर वापरणाऱ्या मंडळीचे प्रभुभोजन त्यामुळे उणे ठरते असे मी म्हणणार नाही. या मुद्द्यावर मंडळीत फूट पडू देणे ही भाकरीच्या निवडीतील कोणत्याही चुकीपेक्षा मोठी चूक आहे.

*तयार प्रकार.* छापील गोल वेफर टिकतात, त्यांचा चुरा होत नाही, मोजणीही सोपी जाते. मात्र ते आधीच सुटे असल्याने "एक भाकर" कोठेच दिसत नाही. ते वापरायचेच असतील तर मेजावर एक अखंड भाकर वेगळी ठेवून ती मोडावी. मात्झा ही यहुदी बेखमीर भाकर पातळ आणि टोचणीच्या छिद्रांची असते. ती मोडताना येणारा "कट्" असा आवाज शांत सभागृहात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातो. मात्र तिचे तुकडे वेडेवाकडे होतात आणि कडा टोकदार राहतात, म्हणून वयोवृद्धांसाठी ते लहान करावेत. मऊ पाव वापरल्यास कडक पापुद्र्याचा टाळावा. अंडी, दूध, लोणी, साखर किंवा सुकामेवा घातलेले गोड पाव टाळावेत, कारण अनेकांना त्यांची अॅलर्जी असते आणि चवही वेगळीच लागते.

*घरी भाजायची असल्यास.* 250 ग्रॅम गव्हाचे पीठ, चिमूटभर मीठ, 2 मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि सुमारे 120 मिलिलिटर पाणी घ्यावे. पीठ मऊ पण न चिकटणारे मळून दोन गोळे करावेत आणि प्रत्येक गोळा सुमारे 25 सेंटिमीटर व्यासाचा व 3 मिलिमीटर जाडीचा लाटावा. काट्याने सर्वत्र टोचून, मग सुरीने दीड सेंटिमीटरच्या अंतरावर उभ्या-आडव्या रेघा अर्ध्या जाडीपर्यंत ओढाव्यात. 200 अंश सेल्सिअसवर 12 ते 15 मिनिटे, कडा जेमतेम तांबूस होईपर्यंत भाजावे. रेघा भाजण्याआधी ओढल्या नाहीत तर भाकर हव्या त्या जागी मोडत नाही, आणि तेल वगळले तर थंड झाल्यावर ती दाताला कडक लागते. कडांचे तुकडे वगळूनही एका भाकरीचे 150 च्या आसपास तुकडे निघतात. पिठात पाणी घातल्यापासून 18 मिनिटांत भाजलेच पाहिजे, हा नियम यहुदी वल्हांडणाचा आहे. बाप्टिस्ट मंडळीवर तो बंधनकारक नाही.

*ज्यांना गहू चालत नाही.* सीलिअॅक आजारात ग्लूटेनचा (गव्हातील एका प्रथिनाचा) अगदी छोटा कणही आतड्याला इजा करू शकतो, त्यामुळे "आजच्या दिवस थोडेसे घ्या" असे म्हणणे धोक्याचे आहे. ग्लूटेन गव्हाप्रमाणेच जव आणि राय या धान्यांतही असते, म्हणून "गहू नाही" एवढे वाचून समाधान मानू नये. प्रति किलोग्रॅम 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असल्याचा शिक्का पाहूनच "ग्लूटेनमुक्त" समजावे. असे तुकडे वेगळ्या, झाकलेल्या थाळीत ठेवावेत, आधी भरावेत, आणि त्यांना हात लावणाऱ्याने तोवर गव्हाच्या भाकरीला हात लावलेला नसावा. मला स्वतःला अधिक योग्य वाटतो तो मार्ग असा की, मंडळीत असा एक जरी सभासद असेल तर सर्वांसाठीच ग्लूटेनमुक्त भाकर आणावी. एका मंडळीत एक बाई वर्षभर थाळी पुढे सरकवत राहिल्या आणि शेजारच्यांना वाटत राहिले की त्यांच्या मनात काही पाप सलते आहे. त्यांना फक्त गहू चालत नव्हता, आणि मेजाची तयारी करणाऱ्या आमच्यापैकी कोणीही त्यांना विचारले नव्हते.

तपासणी: निवडलेली भाकर तीन दिवस आधी दोन वयोवृद्ध सभासदांना पाण्याविना खायला देऊन पाहावी. ती घशात अडकत असेल तर तुकडे लहान करावेत किंवा भाकर बदलावी.

टप्पा 4: प्याला

"द्राक्षवेलाचा उपज" हा शब्दप्रयोग मत्तय 26:29 मध्ये आहे, आणि बहुतेक बाप्टिस्ट मंडळ्या त्यानुसार न आंबवलेला द्राक्षांचा रस वापरतात. दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेला सभासद बाकावर बसलेला असू शकतो, हे एकच कारण मला पुरेसे वाटते. द्राक्षांशिवाय इतर फळांचा रस किंवा रंगीत सरबत वापरू नये. चिन्हाचा संबंध तेथे तुटतो.

छोट्या सुट्या प्याल्यांत प्रत्येकी सुमारे 10 मिलिलिटर रस पुरतो, म्हणजे 100 जणांना 1 लिटर. त्यावर दहावा हिस्सा जास्त ठेवावा. प्याला दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, कारण ट्रे एका हातातून दुसऱ्या हातात जाताना हेलकावतो आणि गडद रसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. वर भाकर व खाली रस असलेले बंद प्याले वापरत असल्यास, संधिवाताने बोटे आखडलेल्यांना त्यांचे पातळ झाकण उघडता येत नाही. त्यांच्या शेजारी मदतनीस बसवावा, आणि झाकण उघडायला प्रार्थनेपूर्वीच सर्वांना वेळ द्यावा, नाहीतर प्रार्थनेत चहूबाजूंनी प्लास्टिकची चरचर ऐकू येते.

टप्पा 5: आदला दिवस आणि सकाळ

आदल्या दिवशी प्याले धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कापड इस्त्री करून ठेवावे, भाकर हवाबंद डब्यात ठेवावी. रस सकाळीच ओतावा. उपासनेच्या अर्धा तास आधी मेज मांडून झाकलेले असावे: मधोमध अखंड भाकर, तिच्या दोन्ही बाजूंस तुकड्यांच्या थाळ्या, मागे प्याल्यांचे ट्रे, आणि ग्लूटेनमुक्त भाकर वेगळी असल्यास तिची थाळी पहिल्या डीकनाच्या बाजूला.

भाकर कडक पापुद्र्याची असेल तर तिच्या खालच्या बाजूस सुरीने एक खोल रेघ आधीच ओढावी. पाळक भरसभेत भाकरीशी झटापट करतो आहे, अंगठे पापुद्र्यात रुतले आहेत, आणि शेवटी ती फुटून चुरा उघड्या पवित्र शास्त्राच्या पानांवर उडतो, हे मी जवळून पाहिले आहे. पुढची पाच मिनिटे कोणाच्याही मनात मोडलेल्या भाकरीचा अर्थ राहिला नव्हता.

डीकनांची वाटणी कागदावर काढावी. कोणी कोणत्या रांगेपासून सुरुवात करायची, थाळी कोणत्या टोकाला परत घ्यायची, हे एकदा रिकाम्या सभागृहात चालून पाहावे. बालवर्गात शिकवणारे, ध्वनियंत्रणा सांभाळणारे, दारावर उभे असणारे आणि वाद्ये वाजवणारे यांच्यापर्यंत थाळी कोण नेणार, याचे नाव ठरवावे. हमखास विसरले जातात ते हेच लोक.

टप्पा 6: मेजावरचा क्रम

1689 च्या लंडन बाप्टिस्ट विश्वासकबुलीच्या 30 व्या अध्यायात सेवकांनी प्रार्थना करावी, भाकर घेऊन मोडावी, प्याला घ्यावा, आणि स्वतःही सहभागी होऊन दोन्ही सर्वांना द्यावे असा क्रम सांगितला आहे. त्यावरून प्रत्यक्षात पुढीलप्रमाणे करता येते.

1. निमंत्रण. ठरवलेली दोन वाक्ये वाचावीत. जे भाग घेणार नाहीत, त्यांनी थाळी निःसंकोच पुढे द्यावी असे प्रेमाने सांगावे. लहान मुलांच्या आईवडिलांना हे ऐकणे विशेष गरजेचे असते.

2. वाचन. 1 करिंथ 11:23-26 सावकाश वाचावे. येथे नवे प्रवचन सुरू करू नये. भाकर व प्याला ही ख्रिस्ताच्या शरीराची व रक्ताची चिन्हे आहेत, त्यांचे रूपांतर होत नाही, एवढे स्पष्टीकरण दोन-तीन वाक्यांत व्हावे.

3. शांतता. किमान एक मिनिट, आणि त्या वेळी वाद्य बंद असावे. घड्याळ पाहावे, कारण पुढे उभ्या असलेल्याला 20 सेकंदही फार वाटतात.

4. भाकरीसाठी उपकारस्तुती. ही प्रार्थना आभाराची असावी. सभेच्या इतर विनंत्या तिच्यात घालू नयेत.

5. भाकर मोडणे. सर्वांना दिसेल इतक्या उंचीवर धरून मोडावी. बोलताना काळजी घ्यावी: 1 करिंथ 11:24 च्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत "मोडलेले" हा शब्द नाही, आणि योहान 19:36 सांगते की त्याचे एकही हाड मोडले गेले नाही. म्हणून "हे माझे शरीर आहे, हे तुमच्यासाठी आहे" असे वाचणे बरोबर.

6. वाटप. थाळ्या डीकनांच्या हाती द्याव्यात. सर्वांना मिळेपर्यंत थांबून मग एकत्र खावे. 11:33 मधील "एकमेकांची वाट पाहा" ही आज्ञा येथे अगदी शब्दशः पाळता येते. डीकन परत आल्यावर पाळकाने त्यांना द्यावे, आणि एका डीकनाने पाळकाला.

7. प्याल्यासाठी वेगळी उपकारस्तुती, मग वाटप, मग एकत्र पिणे. वेळ वाचवण्यासाठी दोन्ही प्रार्थना एकत्र करू नयेत. मत्तय 26:26-27 मध्ये भाकर आणि प्याला यांसाठी दोन वेगवेगळ्या प्रार्थना आहेत.

8. गीत. मत्तय 26:30 नुसार ते गीत गाऊन बाहेर गेले. अनेक मंडळ्या याच वेळी गरजूंसाठी वेगळे दान गोळा करतात. तसे करायचे असल्यास पेटी दाराशी ठेवावी, मेजासमोर फिरवू नये.

सावधान: वाटप चालू असताना रस सांडला किंवा प्याला पडला तर डीकनाने खिशातील कापडाने शांतपणे टिपावे. पाळकाने त्यावर काही बोलू नये, आणि दिलगिरीही मागू नये.

तपासणी: "कोणी राहिले आहे का?" हे भाकरीच्या वेळी आणि प्याल्याच्या वेळी, दोन्हीदा विचारावे, आणि उत्तरासाठी खरोखर थांबावे.

टप्पा 7: विधीनंतर

उरलेल्या भाकरीत व रसात काही बदल झालेला आहे असे बाप्टिस्ट मानत नाहीत, म्हणून ते जपून ठेवण्याची किंवा विशेष रीतीने विसर्जित करण्याची गरज नाही. तरीही मुलांनी मेजाभोवती खेळत ते तुकडे फस्त करावेत हेही योग्य नाही. न हाताळलेली भाकर घरी नेऊन साध्या जेवणात खावी, हाताळलेले तुकडे पक्ष्यांना घालावेत, प्याल्यांत ओतलेला रस परत बाटलीत ओतू नये. काचेचे प्याले त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावेत. रस वाळला की तळाला तांबडी कड धरते.

आजारी सभासदाच्या घरी प्रभुभोजन न्यावे का, यावर मंडळ्यांत दोन मते आहेत. काही जण 1 करिंथ 11 मधील "तुम्ही एकत्र जमता तेव्हा" या शब्दांवरून तो जमलेल्या मंडळीचाच विधी मानतात. इतर मंडळ्यांत पाळक दोन-चार सभासदांसह जाऊन आजाऱ्याच्या घरी लहानशी उपासना घेतो. न्यायचे ठरलेच तर एकट्याने डबा पोहोचवून येऊ नये. वाचन, उपकारस्तुती आणि मोडणे हे सर्व तेथे व्हावे, आणि बरोबर गेलेल्यांनीही भाग घ्यावा.

शेवटी वहीत चार नोंदी कराव्यात: किती जणांनी भाग घेतला, किती तुकडे व प्याले उरले, भाकर मोडायला कशी होती, आणि कोणाला काय चालले नाही. पुढच्या वेळी तयारी करणाऱ्याने दुकानात जाण्याआधी ही वही उघडावी.